दुधाचा हिशेब

रामनवमीला पोहरादेवीला जायचे म्हणजे मानोऱ्याहून किंवा दिग्रसहून निघणाऱ्या एस.टी.त उभे राहायला जागा मिळाली तरी नशीब समजायचे. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले हे गाव संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे देशभरच्या गोर बंजारा समाजाची काशी मानले जाते. तेलंगण, कर्नाटकापासून माणसे येतात. आम्ही याच भागात उर्दू शाळेत शिकवतो. त्यामुळे आमचे तिथे जाणे भाविकाचे नसले तरी शेजाऱ्याचे असते.

काही वर्षांपूर्वीच्या यात्रेत लिंबाच्या सावलीत दहा-बारा बाया लेकरांना पाजत बसल्या होत्या. म्हाताऱ्या फेटिया-कांचळीत, तरुणी साडीत. जवळच एक फलक टांगलेला होता. आईच्या दुधाला पैसा लागत नाही, असा त्यावरचा मजकूर. आम्ही तो मोठ्याने वाचला, शिक्षकाची सवय. त्यावर एक बाई मूल या अंगावरून त्या अंगावर घेत म्हणाली, "फुकट कायचं बाई? रोज बुडते न आमचा."

त्या एका वाक्याने आम्हाला विचार करायला लावले. रोज म्हणजे दिवसाची मजुरी. आईचे दूध फुकट आहे असे आपण सगळेच म्हणतो, आम्हीही वर्गात म्हटले आहे. पण इतिहासाची पाने उलटली तर दिसते की या दुधाची किंमत नेहमीच कुणी ना कुणी मोजली आहे. प्रश्न एवढाच, की कुणी?

आधी तांड्याचेच पाहू. बंजारा समाज हा मुळात बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेणारा. हजारो बैलांचे तांडे दख्खन ओलांडून जात. त्या प्रवासात बायका-मुले सोबत असत. घर आणि काम यांत अंतरच नव्हते. मूल आईच्या अंगाशी आणि आई तांड्याशी बांधलेली. मग इंग्रजी अमदानीत आगगाडी आली. १८६७ मध्ये ती वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोहोचली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे धावू लागला. बैलांची गरज संपली. त्यातच १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि भटकणे हाच संशय ठरला. तांडे माळरानावर, डोंगरउतारावर स्थिरावले. मालवाहतूक करणाऱ्याची बायको दुसऱ्याच्या शेतातली मजूर झाली. तिथे मूल आणि काम यांच्यामध्ये पहिल्यांदा धुरा आला. धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी आणि आई तासात, पऱ्हाटीच्या रांगेत.

कापूस वेचणीचा हिशेब किलोवर होतो. जितके वेचाल तितके पैसे. ज्या बाईला दिवसातून चार वेळा धुऱ्यावर जाऊन पाजायचे आहे, तिचा ढीग संध्याकाळी काट्यावर कमी भरतो. मालक तिला काही बोलत नाही, काटाच बोलतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे तर याहून कठीण. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, आणि खाडा पडला की तो उचलीत धरला जातो. फडात पहाटे गेलेली ओली बाळंतीण कोपीवरच्या लेकराकडे केव्हा परतेल ते उसाची गाडी भरण्यावर ठरते.

इथे शरीराचा नियम जरा समजून घ्यायला हवा. आईचे दूध मडक्यात साठवलेल्या पाण्यासारखे नसते. मूल जितके ओढते तितके ते तयार होते. आठ-दहा तास ओढलेच नाही तर शरीराला वाटते, गरज नाही. आणि दूध आटू लागते. मग शेजारपाजारचे म्हणतात, हिला दूधच नाही. शिवाय पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असे आपल्याच देशाचे पोषणतज्ज्ञ सांगतात. म्हणजे आणखी दोन-तीन भाकरी, वर डाळ. ज्या घरात बाई सगळ्यांच्या मागून जेवते तिथे त्या भाकरी कुठून येणार?

जुन्या काळाला हा हिशेब कळत होता, असे आम्हाला वाटते. सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत मातांनी पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याची गोष्ट आहे, ती आमच्या घराघरांत बायकांना ऐकवली जाते. पण त्याच आयतीत पुढे काय आहे ते क्वचितच ऐकवले जाते. पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. दोघांच्या सल्ल्याने दूध लवकर तोडायची मुभा आहे. दाई ठेवली तर तिचा मोबदला रीतीने चुकता करायला सांगितले आहे. सूरह अत-तलाकमध्ये तर तलाक दिलेल्या स्त्रीने मूल पाजले तर तिला तिचा मोबदला द्या, असा स्पष्ट आदेश आहे. शाहबानो निकालानंतर आलेल्या १९८६ च्या कायद्यातही मूल सांभाळणाऱ्या घटस्फोटितेला मुलाच्या जन्मापासून दोन वर्षांची तरतूद आहे. ही दोन वर्षे कुठून आली असतील ते वेगळे सांगायला नको. अर्धी आयत बायकांसाठी आणि अर्धी पुरुषांसाठी असेल, तर आमच्या मोहल्ल्यात बायकांचीच अर्धी पाठ झाली आहे.

हलीमा सादियांची गोष्टही आम्ही लहानपणी बरकतीची गोष्ट म्हणून ऐकली. मोठेपणी पुन्हा वाचली तेव्हा तिच्यातला दुष्काळ दिसला. बनू साद कबिल्याच्या बायका मक्केत दूधपित्या मुलांच्या शोधात येत, कारण मुलाच्या बापाकडून चार पैसे मिळत. अनाथ मूल कुणी घेईना, कारण देणारा बापच नाही. शेवटी हलीमांनी ते घेतले. सांडणी आटलेली, स्वतःचे मूल भुकेने रडणारे, अशा स्थितीतली ती बाई होती. भक्तिभावाने सांगताना आपण तिची गरिबी वगळतो.

हिरकणीचेही तसेच. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, म्हणून कडा उतरून गेली. आख्यायिकाच ती, पण मराठी मुलखात ती न ऐकलेले मूल सापडणार नाही. तिच्या नावाने बुरूज आहे, एस.टी.ची गाडी आहे आणि बसस्थानकांवर मातांसाठी हिरकणी कक्षही झाले. (ते उघडे किती सापडतात हा वेगळा विषय.) तिच्या धाडसाचे कौतुक आम्हीही करतो. पण तान्हे मूल टाकून दुसऱ्यांच्या मुलांसाठी दूध विकायला तिला गड का चढावा लागला, हे वर्गात कुणी विचारत नाही.

राजघराण्यांत मात्र मोबदला चोख होता. सईबाईंची प्रकृती ठीक नव्हती म्हणून १६५७ मध्ये जन्मलेल्या संभाजीराजांना कापूरहोळच्या गाडे घराण्यातल्या धाराऊंनी दूध पाजले. त्यांचे मुलगे अंतोजी आणि रायाजी राजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले गेले. अकबराच्या दरबारात तर दुधाच्या नात्यावर सत्ता उभी होती. माहम अनगाचा मुलगा अधम खान आणि जीजी अनगाचा नवरा अतगा खान यांच्या वैरातून १५६२ मध्ये महालातच खून पडला. जीजी अनगाचा मुलगा अजीज कोका पुढे बादशहाला वाटेल ते बोलून बसे, आणि दूधभाऊ म्हणून त्याला माफी मिळत राही. रजाअतचे हे नाते आमच्याकडे रक्ताइतके पक्के, दूधभाऊ-दूधबहिणीचा निकाह होत नाही.

पण दाईच्या स्वतःच्या मुलाचे काय? हा प्रश्न विचारला प्रेमचंदांनी, 'दूध का दाम' या कथेत. जमीनदाराच्या मुलाला पाजणारी भुंगी, आणि तिच्या दुधावाचून वाढणारा तिचाच मंगल. ही कथा शिकवताना आमचा आवाज दरवेळी अडखळतो.

मुंबईच्या गिरण्यांत हाच मंगल हजारोंनी होता. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीकामगार बायकांच्या चाळींत फिरून पाहणी केली. कामगार आयांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. अफूची ती बाळगोळी. आई पाळीवर गेली की मूल झोपून राहावे, रडू नये, दूध मागू नये. त्या आया निर्दय नव्हत्या. त्यांच्यापुढे दुसरी सोय नव्हती. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतीलाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. प्रसूतीच्या काळात बाईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, तेव्हा हा भार मालकाने आणि शेवटी सरकारनेही उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला, १९३० मध्ये मध्यप्रांतात. १९६१ मध्ये देशभरचा कायदा आला. त्यात मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन विसावे दिले गेले. २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले.

हे सारे कारखाना, दुकान, कचेरी यांच्यासाठी. पऱ्हाटीच्या तासाला कायद्यात दार नव्हते. अपवाद सरकारी कामांचा. १९७२ च्या दुष्काळात मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, इथून जवळच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा समाजाचेच. त्यांच्या काळात सुरू झालेल्या रोजगार हमीने खडी फोडणाऱ्या बाईला हक्काचा रोज दिला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यात अशीही तरतूद होती, की कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी द्यायची. म्हणजे मूल सांभाळणे हे काम आहे, त्याचा रोज होतो, हे सरकारने लिहून मान्य केले. आज बाळंतिणीसाठी मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलाला ५,००० रुपये आहेत. पगारी बाईला सहा महिन्यांचा पगार आणि मजूर बाईला पाच हजार. मूल मात्र दोघींचे सारखेच भुकेले.

डब्याच्या दुधाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती बरीच लिहिली गेली आहे. ग्लॅक्सोसारखे विलायती डबे आधी साहेबांच्या, मग शहरी सुखवस्तूंच्या घरात आले. गुबगुबीत बाळाला 'ग्लॅक्सो बेबी' म्हणू लागले. श्रीमंतीची खूण म्हणून डबा झिरपत खाली आला आणि खाली येताना पातळ होत गेला. आठवड्याचा डबा महिनाभर पुरवायचा तर पाणीच वाढवावे लागते, आणि ते पाणी कुठले? १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार पुकारला गेला, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने डब्यांच्या जाहिरातीविरुद्ध संहिता केली. आपल्याकडे या चळवळीची राष्ट्रीय संघटना डिसेंबर १९९१ मध्ये विदर्भातच, वर्ध्याला जन्मली, आणि १९९२ च्या कायद्याने डब्यावरचे बाळाचे चित्र गेले.

चित्र गेले, पण समज गेले नाहीत. गाय व्याली की तिचा चीक आपण जपून आणतो, गूळ-वेलची घालून खरवस करतो, शेजारी वाटतो. बाईचा चीक मात्र 'खराब दूध' म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मध, घुट्टी, साखरेचे पाणी चाटवायचे. आमच्यात तहनीकचा खजूर असतो. तो जिभेला लावण्यापुरता असतो, पण काही घरांत त्याच्या निमित्ताने तीन दिवस दूधच लांबते. हे अडाणीपण म्हणून सोडून द्यावे, तर दवाखान्याचे आकडे पाहावेत. २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन राष्ट्रीय पाहण्यांच्या दरम्यान महाराष्ट्रात दवाखान्यातली बाळंतपणे शेकडा ९०.३ वरून ९४.७ झाली. पण पहिल्या तासात अंगावर घेतलेल्या बाळांचे प्रमाण ५७.५ वरून ५३.२ वर उतरले. बाई दवाखान्यात पोहोचली, पण तिच्याजवळ बसून मूल अंगावर लावून देणारे माणूस तिला तिथे भेटेलच असे नाही. आनंदाची गोष्ट एवढी, की सहा महिने निव्वळ आईच्या दुधावरच्या बाळांचे प्रमाण ५६.६ वरून ७१ वर गेले. बाया शिकल्या आहेत. सांगितले तर करतात. करायला वेळ मिळाला तर.

आमचेच सांगायचे तर, थोरलीच्या वेळी आम्ही मानधनावर होतो. सुट्टी घेतली तर जागा राहील याची खात्री नव्हती, म्हणून दोन महिने होतात न होतात तोच कामावर गेलो. तिसऱ्या तासाला ओढणी ओली व्हायची. खडू-नकाशांच्या खोलीत दार लावून दूध पिळून टाकायचो आणि घरी अम्मी डब्याचे चमचे मोजायची. धाकट्याच्या वेळी नोकरी पक्की होती, १८० दिवसांची पगारी रजा मिळाली, तो सहा महिने पाण्याच्या थेंबाशिवाय वाढला. आई तीच, अंग तेच, माया तीच. फरक होता नेमणुकीच्या कागदाचा.

आमच्या सहावीच्या वर्गात वेचणीच्या दिवसांत एक जागा दुपारनंतर रिकामी राहते. दरवर्षी मुलगी वेगळी, जागा तीच. चौकशी केली की उत्तर ठरलेले: भावाला शेतात न्यायचे असते. ती घरून तान्ह्याला कडेवर घेते, उन्हातून धुऱ्यापर्यंत जाते, आई दहा मिनिटे तासातून बाहेर येते, पाजते आणि परत आत जाते. पोरगी भावाला झोळीत घालून हलवत बसते. शाळेत गैरहजेरीची नोंद होते. आईचा काटा संध्याकाळी पूर्ण भरतो.

मागच्या हंगामात अशा एका मुलीला आम्ही सांगितले, भावाला घेऊनच वर्गात बस, मधल्या सुट्टीत त्याला आईकडे नेऊन आण. तीन दिवस ती आली. बाळ मागच्या बाकाजवळ चटईवर झोपायचे, बाकीच्या मुली भूगोल सोडून त्याच्याकडेच बघायच्या. चौथ्या दिवशी ती आली नाही. आई दुसऱ्या शेतावर कामाला लागली होती, ते शेत शाळेपासून लांब होते.