सर्व्हर उठत नाही तेव्हा...

रात्रीचे पावणेतीन. समोर कन्सोलची काळी खिडकी, आणि तिच्यात लाल तारका इकडून तिकडे पळताहेत. शेजारी लिहिलंय की अमुक डिस्कची वाट पाहतोय, ९० सेकंदांपैकी इतके झाले. ९० सेकंद संपले आणि मशीनने जाहीर केलं की आपण आता 'इमर्जन्सी मोड'मध्ये आहोत. पुढची ओळ आणखी भारी. रूटचं खातं बंद आहे, म्हणून कन्सोल देता येत नाही! (खातं सुरक्षिततेसाठी आम्हीच बंद केलं होतं. घ्या!)

सकाळी नऊला एका ग्राहकाच्या कामगारांचे पगार याच सर्व्हरवरून जायचे होते. सर्व्हर त्या रात्रीपर्यंत ६११ दिवस न थांबता चालू होता, आणि त्याचा आम्हाला अभिमान वगैरे होता. कर्नल बदलला, रीस्टार्ट दिला, आणि अभिमान उतरला.

त्या रात्रीचं काय झालं ते शेवटी सांगतो. पण नंतर डोक्यात एक किडा वळवळायला लागला : सुरू होताना अडकलेलं युनिक्स मशीन माणसाशी बोलतं कसं? आणि पूर्वी कसं बोलायचं? मग दोन शनिवार-रविवार त्यातच गेले.

सुरुवातीचं उत्तर सोपं आहे. बोलायचंच नाही. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्स सुरू केलं ते पीडीपी-७ या मशीनवर, आणि लवकरच ते पीडीपी-११ वर गेलं. पीडीपी-११ च्या तोंडावर दिव्यांची आणि स्विचांची एक रांग असायची. बूटची सोय रॉममध्ये नसेल, तर कागदी फीत वाचणारा छोटा प्रोग्रॅम माणसाने स्विच वर-खाली करून मेमरीत भरायचा. १४ शब्द, प्रत्येक १६ बिटांचा. म्हणजे २२४ बिट हाताने! एक चुकला की मशीन गप्प. 'तुमचा अमुक बिट चुकला' असं सांगणारं आत कोणी नाहीच, कारण सांगणारा प्रोग्रॅम अजून आत आलेलाच नाही. 'बूट' हा शब्दही इथलाच. स्वतःच्या बुटांचे पट्टे धरून स्वतःला वर उचलायचं, तसला हा प्रकार.

युनिक्सने यात एक फार शहाणी गोष्ट केली. कर्नल उठला की तो एकच प्रोसेस सुरू करतो, इनिट. तिचा क्रमांक १. बाकी सगळा संसार तिच्यापासून. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत इनिट आल्या आल्या आधी पॅनेलवरचे स्विच वाचायची. तिथे १७३०३० हा आकडा लावलेला असेल तर बाकी काही सुरू न करता फक्त कन्सोलवर रूटचं शेल द्यायची. एकच माणूस, एकच शेल, दुरुस्ती करा आणि मग पुढे चला. घराचा पुढचा दरवाजा अडकला तर मागचं दार हवं, हे त्यांनी पहिल्यापासून धरलं होतं. हे दार लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

पुढचा प्रश्न डिस्कचा. वीज गेली की फाइल सिस्टिम अर्धवट राहायची. ती तपासायला आयचेक, डीचेक अशी वेगवेगळी हत्यारं होती, आणि काय बिघडलंय ते समजून माणसानेच दुरुस्त करायचं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टेड कोवाल्स्की यांचा एफएससीके आला. तो स्वतः तपासतो, एकेक प्रश्न विचारतो, आणि नाव हरवलेल्या फाइली 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या डिरेक्टरीत आणून ठेवतो. म्हणजे मशीन आता नुसतं अडकत नव्हतं, 'हे असं झालंय, काय करू?' असं विचारत होतं.

एटी अँड टीची सिस्टिम फाइव्ह १९८३ मध्ये आली. तिच्यात इनिटचं वागणं इनिटटॅब या फाइलवरून ठरायचं आणि मशीनला 'रन लेव्हल' असायच्या. पुढे लिनक्सच्या बऱ्याच वितरणांनी हीच पद्धत उचलली. लेव्हल ६ म्हणजे रीस्टार्ट. आता कोणी नेहमीची लेव्हल म्हणून ६ लिहून ठेवली तर? मशीन उठणार, रीस्टार्ट होणार, उठणार, रीस्टार्ट होणार... रेड हॅटच्या फाइलीतच 'असं करू नका' अशी टीप असायची. अशी टीप काही उगाच लिहिली जात नाही! १९९० मध्ये आलेल्या आयबीएमच्या आरएस/६००० मशीनवर तीन आकडी दिवे होते, त्यांच्यावर ५५३ येऊन थांबला की ओळखायचं, इनिटटॅबची भानगड आहे.

पण मला सगळ्यात आवडला तो लिलो. वेर्नर आल्मेसबर्गर यांचा १९९० च्या दशकातला लिनक्सचा बूट लोडर. त्याला जागा किती? डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, तीही पार्टिशनच्या तक्त्याला जागा सोडून, ४४६ बाइट. एवढ्यात 'माफ करा, अडचण आली आहे' असली वाक्यं कुठून बसवणार? म्हणून त्याने आपल्या नावाचीच अक्षरं वापरली. एक टप्पा पार पडला की एक अक्षर. काहीच आलं नाही, तर लिलो मेमरीत आलाच नाही. नुसता 'एल' आणि पुढे आकडा, तर पहिला टप्पा आला पण दुसरा वाचता येईना. 'एल आय' वर थांबला, तर दुसरा टप्पा वाचला पण चालवता आला नाही. चारही अक्षरं आली की गाडी सुटली. चार अक्षरांत पूर्ण निदान! शेवटचं अक्षर कुठलं ते बघायचं, बस.

मला वाटतं, या सगळ्या दुरुस्तीशास्त्राचं सार एवढंच आहे. 'सर्व्हर उठत नाही' हा प्रश्नच नाही. प्रश्न हा की त्याचा शेवटचा शब्द कोणता होता. तिथपर्यंतचं सगळं ठीक आहे, दोष त्याच्या लगेच पुढे आहे.

या कसोटीवर इनिटचं भांडणही वेगळं दिसतं. २००५ च्या सोलारिस १० मध्ये सर्व्हिस का सुरू झाली नाही हे सांगणारी स्वतंत्र कमांड आली. २०१० मध्ये लेनार्ट पोएटरिंग यांनी सिस्टिमडी जाहीर केलं. फेडोराने ते २०११ मध्ये घेतलं. डेबियनच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी २०१४ मध्ये मतं समसमान पडली आणि निकाल अध्यक्षांच्या निर्णायक मताने लागला. विरोधकांचं एक म्हणणं मला पटतं. जुन्या स्क्रिप्ट एकामागून एक चालायच्या, त्यामुळे शेवटची ओळ म्हणजे खरंच शेवटची ओळ. आता दहा गोष्टी एकदम सुरू होतात, आणि नोंदी साध्या मजकुरात नसून खास कमांडनेच वाचता येणाऱ्या फाइलीत. शेवटचा शब्द गर्दीत हरवतो.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती मला त्या रात्रीच कळली.

झालं असं होतं की त्या सर्व्हरला पूर्वी एक जादा डिस्क होती. ती काढली, पण एफएसटॅब फाइलीतली तिची ओळ तशीच राहिली. चालू मशीनला त्याचं काही नव्हतं. ती ओळ रीस्टार्टची वाट बघत वर्षभर बसून होती. जुन्या पद्धतीत माउंट झालं नाही तर बऱ्याचदा एक ओळ छापून मशीन पुढे जायचं. सिस्टिमडी थांबतं. डेबियन ८ च्या (२०१५) रिलीज नोट्समध्ये हा इशारा स्पष्ट आहे. त्या रात्री मी सिस्टिमडीला भरपूर शिव्या घातल्या. नंतर विचार केला, ती डिस्क खरंच गरजेची असती तर? मशीन गुपचूप उठलं असतं, रिकाम्या डिरेक्टरीवर डेटाबेस सुरू झाला असता, आणि पगाराच्या नोंदी भलत्याच जागी पडल्या असत्या. त्यापेक्षा अडून बसलेलं बरं, फक्त अडलेल्या जागी आत शिरता आलं पाहिजे.

शिरलो कसा? मागच्या दाराने. ग्रबच्या पडद्यावर कर्नलच्या ओळीच्या शेवटी इनिटच्या जागी बॅशचं नाव लिहिलं. क्रमांक १ म्हणून थेट शेल मिळालं. रूट फाइल सिस्टिम लिहिण्याजोगी करून घेतली, ती एक ओळ उडवली, रीस्टार्ट दिला. साडेतीनला सर्व्हर उभा, नऊला पगार गेले. १७३०३० चे स्विच गेले, पण दार तेच आहे.

राहता राहिलं एक. ती डिस्क वर्षापूर्वी काढली कोणी आणि ओळ विसरलं कोण? मीच. टीममध्ये ते सकाळीच सांगून टाकलं. तेव्हापासून नियम केलाय : एफएसटॅबला किंवा सुरू होणाऱ्या कुठल्याही गोष्टीला हात लावला की त्याच आठवड्यात, दिवसाउजेडी, रीस्टार्ट देऊन बघायचं. चालू असणं वेगळं आणि चालू होणं वेगळं. ६११ दिवसांनी फक्त पहिलं सिद्ध होत होतं.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.