पाटी लावायला परवाना लागतो का? मन सांभाळणाऱ्यांच्या नोंदणीची दीडशे वर्षांची गोष्ट

हेडफोन लावलेत? चला, सुरू करू.

आज एक साधा प्रश्न घेऊन आलोय. रिक्षा चालवायची तर बॅज लागतो. मेडिकल दुकान टाकायचं तर नोंदणी असलेला फार्मासिस्ट लागतो. कोर्टात उभं राहायचं तर सनद लागते. मग 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी लावायची असेल तर काय लागतं?

आजच्या घडीला, प्रत्यक्षात, बहुतेक ठिकाणी फक्त पाटी लागते.

आता तुम्ही म्हणाल, सरकारला मनाच्या आजारांचं काही पडलेलंच नव्हतं, म्हणून असं झालं असेल. तसं नाहीये. सरकार या विषयावर १८५८ पासून कायदे करतंय. कायद्यांची कमी कधीच नव्हती. प्रश्न असा आहे, की इतके कायदे होऊनही समोर बसून तुमचं ऐकून घेणारा माणूस त्यातून दरवेळी सुटला कसा?

मी लिंबागणेशचा. बीड तालुका, बालाघाटचे डोंगर, भालचंद्र गणपतीचं देऊळ. आमच्याकडे कुणाचं वागणं बिघडलं की दोन वाक्यं ऐकू येतात. एक, "बाहेरचं दिसतंय." दुसरं, "येरवड्याला न्या याला." पहिल्या वाक्याचा रस्ता देवऋष्याकडे जातो, दुसऱ्याचा थेट पुण्याला. मधला रस्ता, म्हणजे गावाजवळच कुणी शिकलेलं माणूस निवांत ऐकून घेईल, त्याला आमच्या बोलण्यात रोजचा शब्दसुद्धा नाही. 'समुपदेशक' हा शब्द आला तो सरकारी पत्रकातून. असं का झालं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

दरोग्याचा कायदा

१८५८. उठाव नुकताच शमतोय, कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलंय. त्याच वर्षी वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. त्यात पहिलं काम कुणाला दिलं? डॉक्टरला नाही, पोलिसाला. कुणी भरकटलेला, वेडा वाटणारा माणूस हद्दीत दिसला, तर दरोग्याने त्याला धरून मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. मॅजिस्ट्रेटने डॉक्टरचं मत घ्यायचं आणि आत पाठवायचं. कायद्याचा सगळा भर 'आत कुणाला घ्यायचं, बाहेर कुणाला सोडायचं' यावर होता. आत गेल्यावर त्याच्याशी बोलणार कोण आणि ते काय शिकलेलं असावं, हा प्रश्न कायद्याला पडलाच नाही.

आजही महाराष्ट्रात जी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आपल्याला माहीत आहेत, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी, ती चारही इंग्रजांच्या काळातली आहेत. आणि येरवड्यात मनोरुग्णालयही आहे आणि मध्यवर्ती कारागृहही. एकाच गावाच्या नावाने दोन धमक्या देता येतात, हे काही उगाच झालेलं नाही.

आमचा मराठवाडा तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. इंग्रजांची ही इस्पितळं मुंबई आणि मध्य प्रांतातली. आम्ही १९५६ साली मुंबई राज्यात आलो, तेव्हा या चारपैकी एकही मराठवाड्यात नव्हतं. बीडहून येरवडा सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. म्हणजे "येरवड्याला न्या" हे वाक्य आमच्या भागासाठी कायम एका लांबच्या प्रवासाचं वाक्य राहिलं. परत येईल की नाही, याची खात्री नसलेल्या प्रवासाचं.

१९१२: दोन कायदे, एक फट

आता हे वर्ष लक्षात ठेवा. १९१२ मध्ये दोन कायदे झाले. एक अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी, इंडियन ल्युनसी ॲक्ट. दुसरा फक्त मुंबई इलाख्यासाठी, बॉम्बे मेडिकल ॲक्ट.

ल्युनसी ॲक्टने वेड्यांच्या इस्पितळावर आणि रुग्णावर नियंत्रण ठेवलं. मेडिकल ॲक्टने डॉक्टरांची अधिकृत यादी सुरू केली. यादीत नाव असेल तर तुम्ही नोंदणीकृत डॉक्टर. आजच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेची मुळं तिथपर्यंत जातात.

म्हणजे इमारत आली, रुग्ण आला, डॉक्टर आला. औषध न देता, फक्त बोलून उपचार करणारा कुठेच आला नाही. तेव्हा ते समजण्यासारखं होतं, कारण असा माणूस आपल्याकडे फारसा नव्हताच. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी मनोविश्लेषणाची संस्था काढली ती १९२२ मध्ये. मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेने, म्हणजे आजच्या टिसने, मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केलं ते १९३७ मध्ये. बंगळुरूला, ज्याला आपण आज निम्हान्स म्हणतो तिथे, क्लिनिकल सायकॉलॉजीचं शिक्षण १९५० च्या दशकात सुरू झालं.

म्हणजे व्यवसाय हळूहळू उभा राहत होता. कायदा मात्र १९१२ मध्येच थांबला होता, आणि स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं तोच चालला.

१९९३: पुन्हा दोन कायदे, पुन्हा तीच फट

१९८७ साली संसदेने मानसिक आरोग्य कायदा केला. 'ल्युनसी' हा शब्द गेला. पण कायदा अमलात यायला १ एप्रिल १९९३ उजाडला. सहा वर्षं नुसती कागदावर! आणि त्याने परवाना कशाला लावला? खासगी मनोरुग्णालयांना आणि नर्सिंग होमना. परत इमारतच.

त्याच वर्षी जूनमध्ये दुसरा एक कायदा अमलात आला, भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा. हा मुळात अपंगांच्या पुनर्वसनासाठी होता. त्याच्या यादीत श्रवणतज्ज्ञ आले, वाचातज्ज्ञ आले, विशेष शिक्षक आले आणि त्यांच्यासोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही आले. म्हणून आजही आपल्या देशातल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची केंद्रीय नोंद ज्या परिषदेकडे असते, ती आरोग्य मंत्रालयाखाली नाही, सामाजिक न्याय मंत्रालयाखाली आहे. नोंदणीशिवाय ही कामं केली तर शिक्षा काय? एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हजार रुपये. आज शहरात थेरपीच्या एका सेशनला कितीतरी जण तेवढे मोजतात.

आणि साधा समुपदेशक? शाळेतला, कॉलेजातला, लग्नाआधीचा, नवराबायकोच्या भांडणातला? तो ना १९८७ च्या कायद्यात, ना आरसीआयच्या यादीत.

तरी काम थांबलं नव्हतं, हेही सांगायला हवं. १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी आयपीएच ही संस्था सुरू केली. ज्या ठाण्याचं नाव घेऊन लोक एकमेकांना वेडं ठरवायचे, त्याच ठाण्यात मनावर मोकळेपणाने बोलायची जागा झाली. पण हा दर्जा त्या माणसांनी स्वतःहून सांभाळलेला होता. तो सांभाळा, असं सरकारने कुणाला सांगितलेलं नव्हतं.

साखळी, धुरी आणि जाग

६ ऑगस्ट २००१. तमिळनाडूतलं एरवाडी. दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली. आतल्या मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. पळता आलं नाही. २८ माणसं गेली. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

आपल्याकडे महाराष्ट्रात वेगळ्या बाजूने लढा चालू होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं जादूटोणाविरोधी कायदा मागत होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. भूत उतरवतो म्हणून माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, हे सगळं गुन्हा ठरलं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

आता गंमत बघा. देवऋष्याने काय करायचं नाही, हे आपल्या राज्याने २०१३ मध्ये लिहून ठेवलं. समुपदेशकाने काय शिकलेलं असावं, हे तेव्हाही लिहिलेलं नव्हतं.

मग आला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, अमलात २०१८ मध्ये. हा खरंच मोठा बदल होता. उपचार हा हक्क झाला. साखळीने बांधायला पूर्ण बंदी आली. भूल न देता शॉक देणं बंद झालं. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, खटला भरायचा नाही, असं ठरलं. आणि पहिल्यांदाच राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाला सांगितलं गेलं, की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोरुग्ण परिचारिका आणि मनोसामाजिक कार्यकर्ते यांची नोंदणी करा.

समुपदेशक? अजूनही बाहेरच.

यादीत नाव आलं, पण

शेवटी २०२१. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. यात 'वर्तन आरोग्य विज्ञान' असा एक गट आहे आणि त्यात मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, वैद्यकीय आणि मनोसामाजिक कार्यकर्ते आले. १८५८ पासून मोजलं तर १६३ वर्षांनी!

पण या कायद्याचं इंजिन म्हणजे राज्य परिषदा. राज्यांनी त्या वेळेत स्थापन करायच्या होत्या. इतका उशीर झाला की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत द्यावी लागली.

आणि इथून आपल्या भागाचा खरा प्रश्न सुरू होतो. २०२५ मध्ये यूजीसीने याच कायद्याचा आधार घेऊन मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. मनावर उपचार करणारा माणूस प्रत्यक्ष शिकलेला असावा, हा हेतू बरोबरच आहे. पण घर, शेत, नोकरी सांभाळून बीडमध्ये बसून मानसशास्त्रात एमए करणाऱ्यांचा एक रस्ता त्यामुळे बंद झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत एक तरी पात्र समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा. मागणी वाढली आणि शिकायची एक वाट कमी झाली. मग लिंबागणेशसारख्या गावच्या शाळेत कोण येणार?

इथे दोन उदाहरणं बघू. पहिलं आपल्याच जिल्ह्यातलं. २०१५ मध्ये राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात बीडही होतं. शेतकऱ्याच्या घरी जाऊन विचारपूस करायचं काम आशाताईंवर आलं. आशाताई म्हणजे गावातलीच बाई. तिला दार उघडलं जातं, हीच तिची ताकद. पण ती थेरपिस्ट नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षा ठेवणं तिच्यावर आणि शेतकऱ्यावर दोघांवर अन्याय आहे.

दुसरं शेजारच्या गोव्यातलं. तिथल्या 'संगत' संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना नैराश्याच्या समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं आणि नीट चाचण्या घेतल्या. एका चाचणीचे निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले: नैराश्य असलेल्या लोकांना फायदा झाला. पण त्यात एक अट होती. ठरलेली पद्धत, नियमित देखरेख आणि गंभीर रुग्ण पुढे पाठवायची सोय.

म्हणजे दर्जा राखायचा एकच मार्ग नसतो. 'मोठी पदवी असेल तरच बोला' असा कायदा झाला तर बीडमध्ये कुणी उरणार नाही. 'कुणीही बोला' असं सोडून दिलं तर जे आज चाललंय तेच चालेल. मला वाटतं, नोंदणीत पायऱ्या हव्यात: गावपातळीवरचा प्रशिक्षित कार्यकर्ता, त्याच्यावर देखरेख करणारा समुपदेशक, त्याच्यावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि मनोविकारतज्ज्ञ. प्रत्येकाचं नाव यादीत, प्रत्येकाची मर्यादा लिहिलेली, आणि तक्रार करायला एक जागा. नोंदणीचा सगळ्यात मोठा फायदा प्रमाणपत्र हा नाहीये. चुकलेल्या माणसाला जाब विचारता येतो, हा आहे.

हा गोंधळ फक्त आपलाच आहे, असंही नाही. अमेरिकेत समुपदेशकांना परवाना देणारं पहिलं राज्य व्हर्जिनिया, १९७६ मध्ये. शेवटचं कॅलिफोर्निया, २००९ मध्ये. ब्रिटनमध्ये 'कौन्सेलर' हा शब्द आजही कायद्याने राखीव नाही.

तोवर आपण काय करायचं?

फोनवर ॲप उघडलंत, हसरा फोटो दिसला, शेजारी निळी टिक दिसली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून एवढं सांगतो: ती टिक कंपनीने दिलेली असते, सरकारने नाही. ती लावायची अट काय, तेही कंपनीच ठरवते.

म्हणून विचारा. मनोविकारतज्ज्ञ असतील तर ते डॉक्टर आहेत, त्यांचा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचा क्रमांक मागा, तो परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. समुपदेशक असतील तर तीन गोष्टी: शिक्षण काय आणि कुठून, तुमच्या कामावर देखरेख कोण करतं, आणि मी सांगितलेलं कुणाकुणाला कळेल? चांगला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. आणि डॉक्टर नसताना कुणी गोळ्या लिहून देत असेल तर तिथून निघा.

आत्ता, या क्षणी कुणाला फारच जड जात असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारी आहे, मोफत आहे, रात्रंदिवस चालू आहे, आणि मराठीत बोलता येतं. सेव्ह करून ठेवा. स्वतःसाठी नाही लागला तर शेजारच्यासाठी लागेल.

आजचा भाग इथेच थांबवतो. तुमच्या शाळेत-कॉलेजात समुपदेशक नेमलाय का, हे उद्या ऑफिसात विचारा आणि उत्तर मला कळवा. भेटू पुढच्या भागात.