श्वासाचा दाखला

लशीचा इतिहास आपल्याकडे बहुधा ती शोधणाऱ्यांचा म्हणून सांगितला जातो; ती घेणाऱ्यास दाराशीं काय दाखवावें लागलें, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या डोंगराळ तालुक्यांपुरता तरी आम्हांस हा दुसरा इतिहासच अधिक बोलका वाटतो.

देवीची लस हिंदुस्थानांत प्रथम टोंचली गेली ती मुंबईस, १४ जून १८०२ रोजीं, अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस. प्लेगची लस हाफकिन यांनीं १८९७ च्या जानेवारींत मुंबईंतच स्वतःवर अजमावून पाहिली. फुप्फुसांची पाळी मात्र उशिरां आली. १९११ सालीं आल्मरॉथ राइट यांनीं दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतील मजुरांवर न्यूमोनियाच्या लशीचा प्रयोग केला खरा. परंतु १९१८ चा इन्फ्लुएन्झा मुंबईंत उतरून देशभर पसरला, तेव्हां त्याविरुद्ध उपयोगी पडेल अशी लस कोणापाशींच नव्हती. माणसांतील त्या रोगाचा विषाणु हातीं लागला तोच १९३३ सालीं.

शहापूर-मुरबाडकडील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांतील कित्येक बायकांचें आयुष्य लाकडाच्या चुलीपुढें गेलें. त्यांत उन्हाळ्यांत भाताच्या राबाचा धूर, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्यांस भट्टीचा. विडीला न शिवणाऱ्यासही असा धूर फुप्फुसाचा जुनाट रोग जडवितो, हें पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनीं २००९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें साधार मांडलें. घरीं मात्र त्यास 'दम लागतो' एवढेंच नांव, आणि दुखणें अंगावर काढावयाचें.

१ मार्च २०२१ रोजीं करोनाची लस साठीच्या पुढील सर्वांस, आणि ४५ ते ५९ वयाच्या व्याधिग्रस्तांस खुली झाली. व्याधींची २० कलमांची यादी होती. तींत फुप्फुसाचें कलम होतें. पण अट अशी कीं, रोग तीव्र असून गेल्या दोन वर्षांत रुग्णालयांत राहावें लागलेलें असावें, अथवा जोरानें सोडलेला श्वास पहिल्या सेकंदांत अपेक्षेच्या निम्म्याहून कमी भरावा. वर नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला. लस थोडी आणि माणसें फार, तेव्हां कोठें तरी रेघ ओढणें भाग होतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ती रेघ रोगाच्या कागदांवरून ओढली गेली. जी रुग्णालयाची पायरीच चढली नाहीं, जिच्या श्वासाचें मोजमाप कधीं झालें नाहीं, ती पन्नाशीची कातकरीण यादीच्या हिशेबीं निरोगी!

१ एप्रिलला ४५ वर्षांवरील सर्वांस लस खुली होऊन ती अट सुटली. अवघा एक महिना, असें कोणी म्हणेल; पण तो महिना दुसऱ्या लाटेच्या तोंडाशीं आलेला होता, आणि भट्टीवर गेलेलीं कुटुंबें पावसाळा जवळ येईपर्यंत गांवीं परतत नाहींत.

न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूविरुद्धची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्यानें राष्ट्रीय लसीकरणांत आली आणि २०२१ सालीं देशभर पोंचली. ती तान्ह्या मुलांसाठीं आहे. नातवाला मांडीवर घेऊन केंद्रावर आलेल्या, दम लागणाऱ्या आजीस त्या कार्यक्रमांत जागा नाहीं.