रानातले ताट, घरातले ताट



आपल्या मराठीत 'ताट' हा शब्द दोन जागी नांदतो. रानात ज्वारीचे ताट उभे असते आणि घरात जेवणाचे ताट मांडलेले असते. शब्द एकच, आणि आपल्या मराठवाड्यात तरी पहिल्या ताटावाचून दुसरे ताट कधी भरलेले नाही. रानातले ताट पाण्यावाचून तग कसे धरते, आणि घरातल्या ताटात आल्यावर ते पोटाला कितपत मानवते, या दोन प्रश्नांची हकीकत आज आपल्याला सांगायची आहे. हे दोन प्रश्न वेगवेगळे वाटतात खरे. पण ऐकता ऐकता आपल्या ध्यानात येईल की दोन्हींची मुळे एकाच मातीत गुंतलेली आहेत.

घनसावंगी तालुक्याचेच उदाहरण घ्या. गोदाकाठचा हा तालुका. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात येते. समर्थांचा जन्म १६०८ सालचा. ते ऐन बाविशीत असताना, १६३० साली, दख्खनवर भयंकर दुष्काळ पडला. त्याच्याही आधी, १३९६ साली सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपली. पुढे १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. १९७२ चा दुष्काळ तर गावोगावच्या वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. अशा या मुलखात ज्या पिकाने माणसाची आणि जनावराची साथ सोडली नाही, ते पीक म्हणजे ज्वारी. ती मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली आणि इथलीच होऊन गेली.

आता पाहा, ही ज्वारी पाण्यावाचून राहते कशी? शाळूचे म्हणजे रब्बीचे पीक पेरतात पाऊस सरता सरता. पुढे आभाळातून थेंब पडो न पडो, काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ते वाढते. त्याची मुळे चार-पाच फूट खोल जाऊन ती ओल शोधतात. ज्वारीच्या ताटावरून हात फिरवला तर बोटांना पांढुरकी भुकटी लागते. ती धूळ नव्हे हो, ते मेण आहे. त्या मेणाने अंगातले पाणी उडून जात नाही. भर दुपारी पाने सुरळीसारखी गुंडाळतात, तीही पाणी राखण्यासाठीच. आणि ताण फारच वाढला, तर हे पीक वाढ थांबवून जणू दम धरून बसते. पाऊस आला की पुन्हा हिरवे होते. मका अशा वेळी लवकर मान टाकतो.

पण मंडळी, या दम धरण्यातच एक धोका आहे, आणि तो आपल्या गुराख्यांना शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. कोवळ्या, पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या ज्वारीत गुरे शिरली की पोट फुगते, दम लागतो आणि पाहता पाहता जनावर आडवे होते. जनावराला ज्वारी लागली, असे आपण म्हणतो. कोणी त्याला नजर लागली म्हणे, कोणी करणी म्हणे. १९०२ साली डन्स्टन आणि हेन्री या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला. इजिप्तमधली कोवळी ज्वारी तपासताना त्यांना तिच्यात एक पदार्थ सापडला. ज्वारीला अरबी भाषेत धुरा म्हणतात, त्यावरून त्यांनी त्याचे नाव ठेवले धुरिन. पान चावले गेले, जनावराच्या पोटात गेले, की धुरिन फुटते आणि त्यातून हायड्रोसायनिक आम्ल हे जहाल विष सुटते. मग रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही.

पिकाने हे विष बाळगावे तरी कशाला? किडीने आणि जनावराने आपल्याला खाऊ नये म्हणून, हे एक कारण. आणि अलीकडच्या संशोधनावरून असे दिसते की धुरिन हा पिकाचा नत्राचा साठाही आहे. ताणाच्या दिवसांत तो त्याच्या उपयोगी पडतो. म्हणजे दुष्काळात ताटाला जगवणाऱ्या गोष्टींतलीच एक गोष्ट बैलाच्या पोटात गेली की त्याचा जीव घेते! म्हणून पावसाने ओढ दिल्यानंतर फुटलेले कोवळे पीक किंवा कापणीनंतरचा फुटवा जनावराला चारू नये. पीक फुलोऱ्यावर गेले की धोका पुष्कळ कमी होतो, आणि नीट वाळलेल्या कडब्यात तर तो फारसा उरतच नाही. तरीही कधी जनावराला ज्वारी लागलीच, तर मंत्र-तंत्रात वेळ न दवडता तडक पशुवैद्याला बोलवावे. सोडियम थायोसल्फेटसारखी औषधे टोचून जनावर वाचवता येते. मात्र सगळा खेळ काही मिनिटांचा असतो.

हे झाले जनावरांचे. आता माणसाच्या पोटाकडे वळू.

१९४८ पर्यंत आपला हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. त्याच हैदराबाद शहरात पुढे देशाची पोषण संशोधन प्रयोगशाळा आली. तिचा आरंभ १९१८ साली, नीलगिरीतल्या कुन्नूरला, मॅक्करिसन या डॉक्टरांच्या हातून झाला होता. निकस अन्नाने आतडी कशी बिघडतात, हे त्यांनी माकडांना तसे अन्न देऊन पाहिले होते. प्रयोगशाळा हैदराबादला आल्यावर तिथल्या डॉक्टरांच्या नजरेस एक गोष्ट पडली. दख्खनच्या पठारावरच्या गरीब शेतमजुरांत पेलाग्रा नावाचा रोग दिसत होता. या रोगात उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून फुटते, तोंड येते, हगवण लागते आणि पुढे पुढे माणूस भ्रमिष्ट होतो. जगात हा रोग ओळखीचा होता, पण तो मक्यावर जगणाऱ्या लोकांचा. नियासिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने तो होतो, हे १९३७ नंतर स्पष्ट झाले होते. इथले रुग्ण तर मका खाणारे नव्हते, ज्वारी खाणारे होते!

१९६० साली डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी आपले मत मांडले. ज्वारीच्या प्रथिनात ल्यूसीन नावाचा घटक प्रमाणाबाहेर असतो आणि तो नियासिनच्या कामात अडथळा आणतो, असे त्यांचे म्हणणे होते. या मतावर पुढे जगभर बराच वाद झाला आणि सगळ्याच प्रयोगशाळांना सारखे निष्कर्ष मिळाले नाहीत. पण एका गोष्टीबद्दल दुमत राहिले नाही. दोष भाकरीचा नव्हता, नुसत्या भाकरीचा होता. ज्याच्या ताटात भाकरीशेजारी वरण होते, शेंगदाण्याची चटणी होती, थोडे ताक-दूध होते, त्याला पेलाग्रा झाला नाही. तो झाला ज्याच्या ताटात भाकरी आणि मीठ-मिरचीवाचून दुसरे काही नव्हते त्याला. रोगाचे मूळ शोधत गेलेले शास्त्र शेवटी गरिबीच्या दाराशी येऊन थांबले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

१९८१ साली पेरू देशात आणखी एक प्रयोग झाला. कुपोषणातून सावरणाऱ्या लहान मुलांना शिजवलेल्या ज्वारीची पेज दिली, तेव्हा तिच्यातल्या प्रथिनांपैकी शेकडा ४६ च्या आसपासच त्यांच्या अंगी लागली. ज्वारीतले प्रथिन शिजल्यावर घट्ट विणले जाते आणि पाचकरसाला चटकन दाद देत नाही. पण त्याच सुमारास अॅक्सटेल या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुदानमधल्या बायकांच्या स्वयंपाकाकडे पाहिले. त्या पीठ आंबवून मग शिजवीत, आणि आंबवलेल्या पिठातले प्रथिन अधिक चांगले पचते असे दिसून आले. आपल्या आजीची आंबील आठवली ना? ज्वारीचे पीठ रात्री ताकात भिजवायचे आणि सकाळी शिजवायचे. शास्त्राचा कागद तिने वाचला नव्हता, पण नातवाचे पोट तिला कळत होते.

ज्वारीचे गुणही शास्त्राने नोंदवले आहेत. गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. काही थोड्या लोकांच्या आतड्यांना ते मुळीच सोसत नाही. त्यांना ज्वारीची भाकरी निर्धास्त खाता येते. कोंड्यासकट दळलेल्या पिठातला चोथा पोट साफ ठेवतो.

आता थोडे बियाण्याविषयी. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात गावरान मालदांडीतून निवड करून १९३० नंतरच्या वर्षांत एम ३५-१ हे वाण काढले गेले. आज इतक्या वर्षांनीही शाळू म्हटले की शेतकरी मालदांडीच मागतो. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि खरिपाचे उत्पन्न वाढले. १९७२ साली, ऐन दुष्काळात, परभणीला कृषी विद्यापीठ उभे राहिले. त्याच साली हैदराबादजवळ पाटणचेरूला कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था निघाली. कणसात दाणा भरेपर्यंत पाने हिरवी ठेवणारा गुण शास्त्रज्ञांना इथिओपियातल्या ज्वारीत आढळला. तो गुण आपल्या वाणांत उतरवण्याचे प्रयत्न तिथे झाले. आणि आपल्या जालना जिल्ह्याच्या दगडी ज्वारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही अभिमानाची गोष्ट आहे.

पण अभिमानाबरोबर काळजीचीही गोष्ट सांगितली पाहिजे. १९७२ साली गावे रेशनवरच्या मिलोवर आणि दुष्काळी कामावरच्या सुकडीवर जगली. तो मिलो म्हणजेही परदेशातून आलेली ज्वारीच! पुढे १९७६ साली जायकवाडीचे धरण पुरे झाले, कालवे आले, ऊस आला, मोसंबी आली. जालन्याच्या मोसंबीचे नाव झाले, २०१६ साली तिलाही मानांकन मिळाले. पण २०१२-१३ च्या दुष्काळात त्याच बागा उभ्या वाळल्या, आणि वर्षानुवर्षे वाढवलेली झाडे लोकांना स्वतःच्या हाताने तोडावी लागली. मोसंबी लावू नये असे माझे म्हणणे नाही. पैसा घरात यायलाच हवा. पण सगळेच रान पाण्याच्या भरवशावर सोडू नये. दोन एकर शाळू असला तर माणसाला भाकर मिळते आणि गोठ्याला कडबा. पाऊस रुसला तरी चूल आणि दावण दोन्ही राहतात.

गुरुजनहो, आपल्याला एक विनंती. हुरड्याच्या दिवसांत मुलांना रानात न्या. ताटावरचे मेण त्यांच्या बोटाला लावा, दुपारी गुंडाळलेली पाने दाखवा. गावातल्या जुन्या माणसांना शाळेत बोलवा आणि गावरान ज्वारीची नावे मुलांच्या वहीत उतरवून घ्या. नाव विसरले की बियाणे हरवायला वेळ लागत नाही, आणि हरवलेले बियाणे कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

रानातले ताट उभे राहिले, तर घरातले ताट रिकामे राहणार नाही. मात्र घरातल्या त्या ताटात भाकरीशेजारी वाटीभर वरण असू द्या, एवढेच शास्त्राचे सांगणे आहे.