सटवाईचा कागद आणि मेंदूचा आलेख

आमच्या वडखळ-पेणच्या बाजूस मूल जन्मल्यावर सटवाईची पूजा मांडतात. पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवावयाची. रात्रीं सटवाई येऊन बाळाचें भविष्य लिहून जाते, अशी समजूत. सकाळीं कागद कोराच असतो. ज्यावर खरोखर कांहीं उमटतें, अशा दुसऱ्या एका कागदाची हकीकत आज मला सांगावयाची आहे.

अपुऱ्या दिवसांचें मूल जगणें हेंच पूर्वीं नवल होतें. १८८० च्या सुमारास पॅरिसच्या प्रसूतिगृहांत टार्निए यांनीं अंडीं उबविण्याच्या यंत्रावरून ऊबदार पेटी करविली. पुढें अशा उपायांनीं मुलें जगूं लागलीं, आणि आईबापांपुढें नवा प्रश्न उभा राहिला : मूल वांचलें खरें, पण तें चालेल का, बोलेल का, शिकेल का?

उत्तराचा एक धागा मेंदूंतील विजेंत होता. १८७५ मध्यें लिव्हरपूलच्या केटन यांनीं ससे व माकडें यांच्या मेंदूंत सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतात, असें दाखविलें. जर्मनींतील येना येथें हान्स बर्गर यांनीं १९२४ मध्यें मनुष्याच्या मेंदूच्या लहरी टिपल्या आणि १९२९ मध्यें तें संशोधन प्रसिद्ध केलें. पुढें पॅरिस येथें कोलेत द्रेफ्यु-ब्रिसाक या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं अपुऱ्या दिवसांच्या बालकांचे आलेख अभ्यासिले. त्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. पावसाची सर यावी, थांबावी, पुन्हा यावी, तशा या लहरी उसळतात आणि मधून मधून स्तब्ध होतात. जसजसे आठवडे भरत जातात, तसतशी ही स्तब्धता ओसरते. गर्भाचे सुमारें तीस आठवडे झाल्यावर झोंप व जागृति यांचे चढउतारहि दिसूं लागतात.

१९६० नंतरच्या दशकांत लंडन येथें डॉ. प्रायर व मेनार्ड यांनीं तासंतासांच्या लहरी अरुंद पट्टींत दाखविणारें यंत्र सिद्ध केलें. मोठ्या रुग्णांसाठीं निघालेलें हें यंत्र पुढें नवजात बालकांच्या खाटेशीं आलें. डोक्याला दोन-चार बारीक तारा लावल्या कीं काम होतें. बाळास इजा होत नाहीं. पहिल्या दिवसांतच लहरी सलग होऊं लागल्या व झोंपेचे चढउतार दिसले, तर तें शुभचिन्ह. दीर्घ स्तब्धता टिकली, तर काळजीचें कारण. मात्र गुंगीच्या औषधांनींहि लहरी मंदावतात. म्हणून जाणते डॉक्टर ध्वनिलहरींनीं घेतलेलें मेंदूचें चित्र व बाळाची प्रत्यक्ष तपासणी यांची जोड दिल्यावांचून निर्णय देत नाहींत.

पण कोणत्याहि भाकिताची खरी परीक्षा वर्षें लोटल्यावरच होते. ती सचोटीनें कशी घ्यावी, याचें उदाहरण आपल्या पुण्यांतच आहे. के. ई. एम. रुग्णालयांत १९८७ ते १९८९ या काळांत जन्मवेळीं २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या ज्या बालकांची शुश्रूषा झाली, त्यांचा पाठपुरावा डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अठराव्या वर्षापर्यंत केला. हें काम मेंदूच्या आलेखाचें नव्हे, मुलांच्या वाढीचें. बाराव्या वर्षीं या मुलांची बुद्धि, सरासरीनें पाहतां, पूर्ण दिवसांच्या मुलांहून थोडी कमी, तरी सामान्य मर्यादेंत भरली. डोळा व हात यांचा मेळ आणि गणित, येथें मात्र अडचण अधिक दिसली. आईचें शिक्षण व घरची परिस्थिति यांचाहि प्रभाव आढळला.

हें वाचलें तेव्हां मला माझा एक विद्यार्थी आठवला. घरचे त्याला ‘सातमाशा’ म्हणत. त्याचे आंकडे वहींत कधीं एका रांगेंत येत नसत. मी त्यास आळशी ठरविलें, आणि छडीहि दिली. त्याचा हात डोळ्याचें ऐकत नव्हता, हें मला तेव्हां कोणी सांगितलें नाहीं. आणि मींहि विचारलें नाहीं.

म्हणून माझें सांगणें एवढेंच : मेंदूचा हा आलेख म्हणजे सटवाईचा लेख नव्हे. कोणत्या मुलाचा हात आधीं धरावयाचा, तें तो सुचवितो. पुढचें लेखन आईबापांच्या, डॉक्टरांच्या आणि आम्हां शिक्षकांच्या हातीं आहे.