हत्तीच्या पाठीवरचा उसना विश्वास

मंडळी, बोईसर-तारापूर म्हटलं की डोळ्यांसमोर अणुवीज केंद्र येतं, एमआयडीसी येते. वाघ काही येत नाही. पण इथून पूर्वेला विक्रमगड-जव्हारच्या पाड्यांकडे गेलात, तर लाकडात नाहीतर दगडात कोरलेला वाघदेव अजून उभा दिसतो. वाघ गेला, देव राहिला. म्हणूनच आजचा प्रश्न इथे मांडावासा वाटतो: हत्तीवर बसून रानातल्या वाघाचा फोटो घेतो, तेव्हा आपण नेमकं काय करतो?

पायी चालणारा माणूस दिसला की वाघ बहुधा निघून जातो. हत्तीचं तसं नाही. हत्ती काही वाघाची शिकार करत नाही, आणि त्याच्या वासात आपला वास झाकला जातो. हे फोटोवाल्यांच्या आधी शिकाऱ्यांना कळलं. संस्थानिक आणि इंग्रज साहेब हौद्यातून बंदुका चालवत, ते याच बळावर.

मग आला एफ. डब्ल्यू. चँपियन, संयुक्त प्रांतातला वनाधिकारी. त्याला शिकारीचा तिटकारा. हत्ती तोच, हातात मात्र कॅमेरा. पण हत्ती श्वास घेतो, कान हलवतो, पाय बदलतो. त्यात झाडीतला अपुरा उजेड. फोटो हलणारच. म्हणून त्याने रात्री वाघाच्या वाटेवर तार लावली. तारेला धक्का लागला की झोत पडे आणि वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढे. १९२७ साली त्याचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ आलं. आज वाघ मोजणारे कॅमेरा ट्रॅप याच वंशातले.

१९७२ला वन्यजीव कायदा झाला, १९७३ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपलं मेळघाट होतं, कान्हाही होतं. कान्हात माहूत पहाटे हत्तींवरून वाघ शोधत आणि मग पर्यटकांना जीपमधून आणून हत्तीवर चढवत. आम्हीही चढलो होतो. वाघ बांबूखाली निवांत पडलेला. आम्ही घाईघाईने रीळ संपवलं. घरी येऊन पाहतो तर सगळे फोटो हललेले. खरं सांगायचं, तर वाघ आम्ही पाहिलाच नव्हता, नुसता टिपायला गेलो होतो.

तेव्हापासून एक विचार सुटत नाही. वाघ थांबला तो हत्तीसाठी. तो विश्वास आपण उसना घेतला. बंदूकवाल्यांनी तो मोडला, आपण मोडला नाही. पण परत तरी कुठे केला?

आपल्याकडे वाघबारस असते. वारली माणूस वाघदेवाला नैवेद्य दाखवतो आणि मागणं मागतो ते एवढंच: तू तुझ्या जागी, आम्ही आमच्या, गुरंवासरं सांभाळ. त्याला दर्शन नको, अंतर हवं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण दुसऱ्याला त्याच्या जागी राहू देणं हेही एक पाहणंच असतं, हे आम्हाला त्या कोरीव लाकडापुढे उमगलं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.