पांदणीत फोर बाय फोर

मराठीत 'ऑफ-रोड'साठी शब्द शोधायला गेलं तर 'चाकोरीबाहेर' हाती लागतो. चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली खोल रेघ. गंमत अशी की मोर्शीहून कुठल्याही दिशेला डांबरी सोडून गाडी आत घातली, की चाक आधी चाकोरीतच पडतं. आपण ज्याला ऑफ-रोड म्हणतो, तो इथे आधीचा रोड आहे. दोन्ही बाजूंना धुरा, बोरी-बाभळीची दाटी, मधून बंडीपुरती वाट. त्याला आमच्याकडे पांदण म्हणतात.

मित्राची थार आणि माझा फोन, एवढ्यावर आमचं फिरणं सुरू झालं. फोनवर एका थरात उपग्रहाचं चित्र, दुसऱ्यात गाव नकाशा. दोन्ही एकमेकांवर ठेवले की कळतं, कुठली वाट शिल्लक आहे आणि कुठली शेतात गडप झाली. हा छंद आहे सॉफ्टवेअरवाल्याचा, पण माझ्या आधी सहाशे-सातशे वर्षं इथे कोणीतरी हेच केलंय. रिद्धपूर मोर्शी तालुक्यातच येतं. तेराव्या शतकात गोविंदप्रभू तिथे राहिले, चक्रधरस्वामी या भागात पायी फिरले. नंतर महानुभावांनी त्यांच्या पावलांची ठिकाणं 'स्थानपोथी'त लिहून ठेवली: कुठलं देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, दार कोणीकडे. देवाची आठवण जपायला माणसांनी दिशा जपल्या. लोकेशन पिन करणं यापेक्षा वेगळं काय असतं?

पुढचे प्रवासी बैल. बंडीचे नव्हेत, पाठीवर गोण्या वाहणारे. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून सातपुडा ओलांडून गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा, जवळजवळ पाचशे मैल. १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैल कापूस कलकत्त्याकडे धाडल्याची नोंद आहे. बैलाला रस्ता लागत नाही, वाट पुरते. चाक आलं की मात्र रुंदी लागते, चढ कमी लागतो, नाल्याला उतार लागतो.

चाकाला काय लागतं, हे नीट कळायचं तर मोर्शीच्या पश्चिमेला गाविलगडाकडे बघावं लागतं. डिसेंबर १८०३. आडगावची लढाई नोव्हेंबरच्या शेवटी संपलेली. आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूमुळे जगाला माहीत झाला, त्याला किल्ला उत्तरेकडून फोडायचा होता, कारण दक्षिणेचा कडा अंगावर येतो. पण उत्तरेला तोफा न्यायला रस्ताच नव्हता. कर्नल स्टीव्हन्सनची फौज अचलपूरकडून डोंगरात शिरली आणि ७ ते १२ डिसेंबर अशी लबाड्यापर्यंत वाट करत गेली. सुमारे तीस मैल. जड तोफा आणि सामान बहुतेक अंतर माणसांनी हातांनी ओढलं, तेही स्वतःच आधी तयार केलेल्या वाटेवरून. १३ तारखेला तोफा सुरू झाल्या, १५ ला किल्ला पडला. शाळेत आम्हाला किल्ला पडल्याची तारीख शिकवली, ते सहा दिवस नाही. मला विचाराल तर लढाई त्या सहा दिवसांतच जिंकली गेली होती.

दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. रघुजी भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. मोर्शी त्याच पश्चिमेला. सहा दिवसांत केलेल्या एका कच्च्या वाटेने आमचा सरकारदरबार बदलला.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिलं आणि पुढच्या दशकात मुंबई पद्धतीची जमीन मोजणी आली. आज तहसीलच्या बाहेर ज्या वाटेसाठी माणसं कोर्टाच्या पायऱ्या चढतात, तिची रुंदी या मोजणीतली आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, कारण मोजणीची साखळी ३३ फुटांची. गाव नकाशावर तुटक रेषेने दाखवलेला गाडीमार्ग साधारण १६½ ते २१ फूट धरतात आणि टिंबांचा पायमार्ग ८¼ फूट. १६½ म्हणजे अर्धी साखळी, ८¼ म्हणजे पाव. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी चालत्या गाडीत ओरडलो होतो. आणखी एक हिशेब: थारची रुंदी १.८२ मीटर, म्हणजे सहा फुटांच्या आत. ती पायमार्गावरही मावते. मावते म्हणून न्यावी का, हा प्रश्न वेगळा.

जीपच मुळात न केलेल्या रस्त्यासाठी जन्मली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला अशी गाडी हवी होती जी वाट तयार होईपर्यंत थांबणार नाही. स्टीव्हन्सनला सहा दिवस लागले, ते वाचवणारी गाडी. युद्धानंतर महिंद्रा बंधूंनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली आणि ती आमच्याकडे आली साहेबाची गाडी म्हणून, मग निवडणुकीची, मग काळी-पिवळी. थार २०१० ची, तिचं नवं रूप २०२० चं. काळी-पिवळीत पंधरा माणसं कोंबून तालुक्याला येणाऱ्यांना 'ॲडव्हेंचर' हा शब्द कधी लागला नाही.

खरी अडचण काळ्या मातीची आहे. पाऊस पडला की ती फुगते, चिकटते, टायरच्या नक्षीत भरून टायर गुळगुळीत करते. फोर बाय फोर त्यातूनही निघते, पण मागे हातभर खोल घळ सोडून. ऑक्टोबरात ती घळ वाळून दगड होते. नेमकी तेव्हाच आंबिया बहाराची संत्री तोडणीला येतात आणि क्रेट भरलेला छोटा हत्ती त्या घळीत पोट टेकतो. सिंभोऱ्याकडच्या एका पांदणीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला थांबवलं होतं. रागाने नाही, पाणी पाजून. म्हणाले, "उन्हाळ्यात कितीकही फिरा भाऊ. पावसाळ्यात नका येऊ. मंग आमचे संत्रे काहाच्यात नेऊ?"

त्यांच्या पांदणीचा अर्धा भाग शेजाऱ्याच्या वखराखाली गेलाय. दरवर्षी एक तास आत. कायद्यात सोय आहे: वाट असून कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३, बांधावरून नवी वाट मागायला. मे २०२५ मध्ये शासनाने शेतरस्ते शक्यतो किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि सातबाऱ्यावर 'इतर हक्क'मध्ये नोंदवावेत असं ठरवलं. नोंदीचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण जे सातबाऱ्यावर नाही ते विकताना कोणी सांगत नाही. रुंदीचं मात्र बघा. अर्धी साखळी म्हणजे पाच मीटर. बंडीच्या काळातल्या नकाशाने ट्रॅक्टरच्या काळातल्या निर्णयापेक्षा जास्त जागा सोडली होती.

आता आम्ही जानेवारी ते मे एवढंच फिरतो. मेळघाटच्या जंगलात गाडी घालत नाही, तो व्याघ्र प्रकल्प आहे. पांदणीच्या तोंडाशी उतरतो, पहिलं शेत ज्याचं त्याला विचारतो, आणि जिथे गाव नकाशा आणि जमीन जुळत नाही तिथे फोनमध्ये खूण करतो. सिंभोऱ्याच्या त्या काकांना त्यांच्या गटाचा नकाशा छापून दिला. त्यावर तुटक रेषा होती. त्यांनी चष्मा वर करून ती नखाने मोजली आणि कागद घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला.